बिनकामाचे आठ दिवस

हे मी लिहिलेलं नाय. मी बोलले आणि धाकट्या जावेच्या सुनेनं लिहून घेतलं. ती अंगणवाडीत हाय. तिला पयलंच सांगितलं, मी बोलते तसंच लिव्ह, शाळेतलं करू नको. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, मंग धाकटा भाऊ झाला नि त्याला सांभाळायला घरी राहिले. सही येते. एसटीच्या पाटीवरचा 'पो' आणि 'म' वळखते. 'पो' म्हंजे पोलादपूर, 'म' म्हंजे महाड. तेवढ्यावर आजवर भागलं.

आता तुमी म्हणाल, ही कापडे गावची म्हातारी कुठं एवढी जाऊन आली की सांगायला बसली? तर मी सवेला, वीरला आणि कशेडीला जाऊन आले. सकाळी निघालं तर दिवेलागणीला घरी, एवढ्याच लांब. पण आमच्या वाडीतल्या बायांना विचारा. सगळ्या त्या वाटेनं गेल्यात. कुणी दवाखान्यात, कुणी मजुरीला, कुणी मयताला. बघितलं कुणीच नाय. मी पण नव्हतं बघितलं. म्हणून सांगते.

माझा मुलगा दिनेश दिव्याला राहतो, मुंबईकडं. सून सुवर्णा कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला जाते. त्यांना दोन पोरं. तन्वी दहा वर्षांची, ओम सहाचा. पोरांना सांभाळणारी बाई मे महिन्यात तिच्या गावी गेली, तवा पोरं माझ्याकडं ठेवायचं ठरलं. ठरलं म्हंजे सुवर्णानं दहा वेळा विचार केला. तिचं चुकत नाय. चार वर्षांमागं गौरीला सगळी आली व्हती, तवा ओमला ताप चढला आणि त्याच दिवशी रस्त्यावर दरड आली. दोन दिवस गाडी नाय. मी म्हणत व्हते, काय नाय, उतरेल. उतरला नाय. दिनेशनं पोराला खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून पोलादपूर गाठलं. पोर वाचलं, पण त्यानंतर सुवर्णानं पोरं माझ्याकडं कधी एकटी ठेवली नाय. गणपतीला यायची, विसर्जन झालं की जायची.

या वेळी फोनवर म्हणाली, "आई, आठ दिवस ठेवते. पण ओमला जरा जरी काही झालं तर मी त्याच दिवशी घेऊन जाईन. मग परत कधी मला 'ठेव' म्हणू नका."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला आणि घर सारवायला घेतलं. आठ दिवस नीट गेले तर पुढं पण येतील, नायतर हे शेवटचं. मला ते चांगलं समजत व्हतं.

पयले दोन दिवस बरे गेले. पोरांनी करवंदं खाऊन तोंडं काळी केली. मी फणसाची भाजी केली, तांदळाची भाकरी केली. तन्वी चुलीपाशी बसून म्हणते, "आजी, हे बार्बेक्यू आहे." मी म्हटलं, असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ओम माझ्या पदराला धरून म्हणतो, "आजी, आज फिरायला कुठे जायचं?"

मी म्हटलं, "फिरायला? आमच्याकडं वळू फिरतो रे, नायतर डोकं फिरतं."

तन्वी हसली. मंग मी तिला खरंच विचारलं, "फिरायला जातात म्हंजे काय करतात गो?"

"काही नाही करत, आजी. जायचं, बघायचं, खायचं, परत यायचं."

"आणि काम?"

"काम नसतं. म्हणून तर फिरायला."

आमच्या रस्त्यानं माणूस विचारल्याबिगर पुढं जात नाय. ओटीवरचा विचारतो, पाण्याच्या नळावरची विचारते, बसमधली विचारते, काय काम काढलाव? त्याला उत्तर लागतं. रेशन, दाखला, दवाखाना, माहेर. बाईमाणूस कामाबिगर उंबऱ्याबाहेर पडलं तर लोकं मागं वळून बघतात. मी पण बघितलंय, खोटं कशाला सांगू.

पण पोरांची तोंडं बघितली. सवेला ऊन पाण्याची कुंडं हायत हे मी लहानपणापासून ऐकत व्हते. महाडला दवाखान्यात चार वेळा गेले, पण सवेकडं कधी वळले नाय. म्हटलं, चला.

सव

घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात भरली. मोबाईल चार्जिंगला लावला व्हता, तो तसाच राहिला. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पिशवीत एक काडी मोडलेली छत्री घातली. पावसाळा तोंडावर हाय, छत्री दुरुस्तीला चालले असं सांगता येईल.

बसमध्ये यशोदाबाय भेटली. ती आमच्या भावकीतली, माझ्याहून थोरली. तिचा मुलगा पण दिव्यालाच, दिनेशच्या पल्याडच्या गल्लीत.

"काय गो पारू, सकाळी सकाळी कुठं?"

"महाडला. छत्री दुरुस्तीला."

"छत्री पोलादपुरात व्हते की. आणि छत्रीला दोन पोरं कशाला?"

झालं. छत्रीचं उत्तर तिथंच मोडलं. बसमधल्या चार जणी माझ्याकडं बघायला लागल्या. फिरायला चालले हे तोंडात आलं, पण बाहेर निघंना. मंग जे नेहमी निघतं ते निघालं.

"ओमला जरा दवाखान्यात दाखवते."

"अगो बाय! काय झालंय?"

"पोट."

यशोदाबायनं ओमला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सुकलंय पोर," म्हणाली. ओम तवा दुसरा घावन खात व्हता.

"आजी, माझं पोट नाही दुखत," तो म्हणाला.

"गप. दुखतंय तुझं."

तन्वीनं खिडकीबाहेर तोंड केलं. तिचे खांदे हलत व्हते.

महाडला उतरून रिक्षा केली. नदीच्या कडेनं रस्ता, मे महिना म्हणून नदी खाली गेलेली, मधी मधी डोह. कुंडापाशी पोचायच्या आधी वास आला, आगपेटीची काडी विझल्यावर येतो तसला. बांधलेलं कुंड, पाण्यावर धूर. ओम वाकून बघतो नि विचारतो, "आजी, गिझर कुठे लपवलाय?" मी म्हटलं, जमिनीच्या पोटात. तो बराच वेळ दगडांच्या फटीत वायर शोधत व्हता.

पोरांना कडेला बसवलं, तांब्यानं अंगावर पाणी घातलं. मंग मी पण लुगडं वर घेऊन पाय पाण्यात सोडले. आता एक सांगते, हसू नका. पाय पाण्यात गेले आणि माझे हात आपोआप खाली जायला लागले. पाण्यात पाय म्हंजे माझ्या आंगाला लावणीच ठाऊक. लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात पाण्यात उभी, कंबर वाकलेली, हातात भाताच्या रोपांचा आवा. दिनेश पोटात असताना पण. पाण्यात पाय ठेवून नुसतं बसायचं हे आंगाला कळत नव्हतं. मी हात मांडीवर घेऊन दाबून धरले, तवा कुठं बसता आलं.

शेजारी एक म्हातारी बसली व्हती, महाडच्या बाजूची मुसलमानाची बाई, डोक्यावरनं ओढणी, पाय माझ्यासारखेच पाण्यात. ती विचारते, "काय दुखतं तुमचं? गुडघे?"

"नाय. काय नाय दुखत."

"मंग कशाला आलाव?"

तिथं पण तोच प्रश्न. पण ती माझ्या गावची नव्हती, म्हणून खरं सांगितलं. "पोरांना घेऊन अशीच आले."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "माझे पण गुडघे बरे हायत. घरी दुखणं सांगितल्याबिगर सुनेला पटत नाय, म्हणून दर महिन्याला दुखतात."

आमी दोघी अशा हसलो की तन्वी बघायला आली, काय झालं म्हणून. मंग तिला घावन दिला, तिनं पोरांना पिशवीतनं खारी काढून दिली. तिनं मला विचारलं, घावन एवढा जाळीदार कसा होतो? मी म्हटलं, पीठ पातळ ठेवायचं आणि तव्यावर घाबरायचं नाय. नाव विचारायचं राहून गेलं.

निघताना ओमची एक चप्पल डोहात गेली. काठीनं ओढायला गेलो तर आणखी आत गेली. उन्हात डांबर तापलेलं. बाजारात दुसरी चप्पल घेऊया म्हटलं तर पोरगा रडतो, मला तीच पायजे. महाडला बर्फाचा गोळा घेतला तवा गप झाला. परतीच्या बसमध्ये झोपला तो झोपलाच. पोलादपूरला दुसरी बस, मंग फाट्यापासून वाडीपर्यंत मी त्याला खांद्यावर टाकून चालत आणला. मान लोंबती, तोंड गोळ्यानं लाल, एका पायात चप्पल.

अंगणात अर्धी वाडी उभी व्हती.

कुणी पेज घेऊन आलं व्हतं, कुणी लिंबू उतरवायला. एक म्हातारा म्हणतो, "सोडलं का घरी? आमाला वाटलं दवाखान्यात ठेवून घेतला." यशोदाबायनं दुपारीच मुलाला फोन केला व्हता. मुलानं दिनेशला सांगितलं. पोट दुखतंय इथनं निघालेली गोष्ट दिव्याला पोचेस्तोवर ओम महाडला ॲडमिट झाला व्हता, सलाईन लावलं व्हतं. माझा मोबाईल घरात फळीवर बोंबलत व्हता आणि घराला कडी.

मी फोन लावला. "दिनेश, पोर ठणठणीत हाय."

"आये, तू नेहमी असंच म्हणतेस. तेव्हापण असंच म्हणाली होतीस." त्याचा आवाज बसलेला. "सुवर्णा निघालीय. सकाळी वीरला उतरेल."

मी आयुष्यात रडगाणं कधी गायलं नाय. जे आलं ते सोसलं आणि विचारणाऱ्याला 'काय नाय' म्हटलं. त्या दिवशी कळलं, त्याच्यामुळं माझ्या 'काय नाय'ला किंमत उरली नव्हती. खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं, खरं सांगितलं ते कुणाला पटंना.

ओम जागा होऊन पेज प्यायला. दोन वाट्या.

वीर

वीर हे आमचं रेल्वेचं टेसन. महाडपासून रिक्षानं जायचं. दोन फलाट, चार बाकडी, आजूबाजूला शेतं. गाडी नसली की तिथं एवढं शांत असतं की कावळा पत्र्यावर चालला तरी ऐकू येतं. मी तिथं दिनेशला सोडायला बऱ्याच वेळा गेलेय. सोडायलाच. आणायला म्हणून त्या दिवशी पयल्यांदा गेले, तर आणलेलं माणूस रागावलेलं.

भाकरी, सुकटीची चटणी आणि लोणचं डब्यात घेतलं. सून रागावलेली असली तरी गाडीतून उतरलेलं माणूस उपाशी असतं.

सुवर्णा उतरली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, खांद्याला मोठी पिशवी. माझ्याकडं बघितलं पण नाय. ओमला बाकड्यावर बसवलं. कपाळाला हात लावला, जीभ बाहेर काढायला लावली, पोट दाबलं. पिशवीतनं काचेची कांडी काढून काखेत घातली. मी उभी. तन्वी माझ्यामागं उभी. कांडी बघून सुवर्णा म्हणाली, "ताप नाहीय."

मंग पयल्यांदा माझ्याकडं बघितलं. "कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतंत? कागद दाखवा."

"कागद नाय गो. दवाखान्यात गेलोच नाय."

"म्हणजे?"

"सवेला गेलो व्हतो. ऊन पाणी बघायला."

"मग दवाखाना कुठून आला?"

"मी सांगितला. यशोदाबायनं विचारलं, तवा तोंडात आला."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आई, गाडीत मी एका जागी बसू शकले नाही. दाराशी उभी होते. देवाला काय काय बोलले ते माझं मला माहीत. आणि तुम्ही फिरायला गेला होतात? मग तसं सांगायचं ना!"

"लाज वाटली."

"कसली लाज?"

जे व्हतं ते सांगितलं. "मी कधी बिनकामाची गेलेच नाय कुठं. तुझा सासरा मुंबईला वारला तवा मी एकतीस वर्षांची व्हते. त्यानंतर घराबाहेर पडले ती डोक्यावर काहीतरी घेऊनच. फिरायला चालले असं चार बायांत सांगायचं म्हंजे... जीभ वळली नाय."

सुवर्णानं घड्याळ बघितलं. "दुपारी परतीची गाडी आहे. पोरांना घेऊन जाते. कपडे नंतर कुणाबरोबर तरी पाठवा."

"बरं," मी म्हटलं.

तन्वी रडायला लागली. ओम म्हणाला, "मम्मी, पण मला बोगदा बघायचाय. आजी म्हणाली कशेडीला बोगदा आहे." सुवर्णा म्हणाली, "गप बस." पोर गप बसलं.

मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. तिनं आधी नको म्हटलं, मंग एक तुकडा मोडला, मंग पूर्ण भाकरी खाल्ली. गाडीला वेळ व्हता. आमी चौघं एका बाकड्यावर. पोरं फलाटावरच्या रेघेवरनं चालायचा खेळ खेळायला लागली. मी मनात म्हणत व्हते, चार दिवस मिळाले. चार तर चार.

तेवढ्यात सुवर्णाचा फोन वाजला. दुकानातनं व्हता. ती उठून उभी राहिली, जशी साहेब समोरच उभा हाय.

"हो सर... हो, दाखवलं डॉक्टरला." ओम तिच्यासमोर एका पायावर उड्या मारत व्हता. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "नाही सर, अजून उठवत नाहीय त्याला. उद्याचा दिवस तरी लागेल."

फोन ठेवला. तन्वी म्हणाली, "मम्मी, तू पण?"

सुवर्णाचं तोंड लाल झालं. "अगं, तशी सुट्टी देत नाहीत. आजारी असलं तरच देतात." माझ्याकडं न बघता म्हणाली, "आठ वर्षं झाली त्या दुकानात. सुट्टी घेतली ती कधी याच्या तापाची, कधी तन्वीच्या. एकदा माझ्या पाठीची. बाकी नाही."

"पाठीला काय झालं व्हतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

दुपारची गाडी आली. डबे आमच्यापुढं येऊन थांबले. कुणी उतरलं, कुणी चढलं. सुवर्णानं पिशवी मांडीवर घेतली व्हती, दोन्ही हातांनी धरलेली. मी ओमचा शर्ट नीट केला, जाताना चांगला दिसावा म्हणून. ती उठली नाय. गाडीनं शिट्टी घातली. ती उठली नाय. गाडी गेली, शेवटचा डबा पण वळणाआड गेला.

मी डब्याचं झाकण लावलं.

मंग तीच म्हणाली, "आई, ते कशेडी किती लांब आहे?"

कशेडी

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं निघालो. बसमध्ये यशोदाबाय व्हतीच. एवढी बाय रोज कुठं जाते हे मी कधी विचारलं नाय. तिनं ओमला बघितलं, सुवर्णाला बघितलं, नि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय गो पारू, आज कुठला दवाखाना?"

बायांनी तोंडाला पदर लावले. सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "आज फिरायला चाललोय. कशेडीला."

यशोदाबाय रुसल्यासारखी म्हणते, "मला नाय सांगितलाव. मी पण आले असते."

पोलादपूरहून मिनीडोर रिक्षा ठरवली. आधी नव्या बोगद्यातनं पलीकडं गेलो. आत लाइटी, गार वारा. ओम सगळा वेळ ओरडत व्हता, आवाज घुमतो म्हणून. सुवर्णानं पण एकदा ओरडून बघितलं, हळूच. मंग परत येताना जुन्या घाटानं आलो. बोगदा झाल्यापासून या रस्त्याला माणूस नाय. पूर्वी ट्रकांची रांग असायची, आता माकडं मधोमध बसतात नि गाडी आली तरी सावकाश उठतात. खाली दरी, डोंगराला डोंगर लागलेले, मधी पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या शेतांचे काळे तुकडे. ते काळे तुकडे तन्वीला दाखवले. म्हटलं, पाऊस पडला की तिथं पयलं हिरवं होतं.

एका वळणावर मी मिनीडोर थांबवली. तिथं एक आंब्याचं झाड हाय, रायवळ, अजून उभं.

"इथं मी खडी फोडायची," मी म्हटलं. "रस्ता रुंद करत व्हते तवा. भात झोडून झालं की मुकादम न्यायला यायचा. दोन उन्हाळे केलं."

"इथे? उन्हात?" तन्वी.

"मंग काय, सावली करून देतील? डोळ्यांत कण जाऊ नये म्हणून पदर असा घ्यायचा. हातोडा लहान असतो, पण संध्याकाळपर्यंत मोठा होतो." मी झाडाच्या फांदीकडं बोट केलं. "तुझा बाप तिथं झोळीत झोपायचा."

सुवर्णा झाडाखाली गेली. "दिनेश? इथे?"

"सव्वा वर्षाचा व्हता. एकदा झोळीतनं उतरून रांगत माझ्यापाशी आला, मला दिसला नाय. दगडाची कपची उडाली. म्हणून त्याच्या भुवईवर खूण हाय."

ती एकदम वळली. "ती खूण? मला त्यांनी सांगितलंय क्रिकेट खेळताना चेंडू लागला."

मी म्हटलं, "क्रिकेटच म्हणू दे. तेच बरं दिसतं."

ती हसली नाय. खाली वाकून दगडांत काहीतरी बघत राहिली. तिथं काय दिसणार? सगळी खडी कधीच डांबराखाली गेली. मंग तिनं पोरांना बोलावलं, आमा तिघांना झाडाखाली उभं केलं नि मला मधी घेऊन मोबाईलवर फोटो काढला. मला म्हणते, "आई, हात सोडा, मुठी कशाला वळल्यात?" मला माहीतच नव्हतं मुठी वळल्यात ते.

पुढं एका टपरीवर कांदाभजी खाल्ली. टपरीवाला म्हणतो, गिऱ्हाईक बोगद्यानं नेलं, आता तुमच्यासारखे फिरायला येणारे येतात तेवढेच. तुमच्यासारखे म्हणाला. मी लुगड्याचा पदर सारखा केला. परतताना तन्वीनं वळणावळणाला करवंदाच्या जाळ्या दाखवून गाडी थांबवली, मिनीडोरवाला वैतागला, पण ओंजळभर करवंदं दिल्यावर तो पण उतरून तोडायला लागला.

सहाव्या दिवशी सकाळी सुवर्णा निघायची व्हती. मी आदल्या दिवशीच पोरांचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवले व्हते. मागायची माझी सवय नाय. तिनं ठेव म्हटलं तर ठेवायचं, नेते म्हटलं तर न्यायला द्यायचं.

ती चहा पिऊन उठली. कपड्यांच्या घड्या बघितल्या, त्यांना हात लावला नाय. आपली पिशवी खाली घेतली आणि उलटी केली. औषधं पडली. बाटल्या, गोळ्या, मलमाची ट्यूब, ती काचेची कांडी. दिव्याहून निघताना घरातलं सगळं भरून आणलं व्हतं तिनं.

"आई, बसा इथे. ही तापाची. ही उलटीची. ही खोकल्याची, पण कोरडा असेल तरच."

"मला वाचता येत नाय गो."

तन्वीनं लगेच रंगपेटी आणली. तापाच्या बाटलीवर तिनं लाल सूर्य काढला. उलटीच्या बाटलीवर उघडं तोंड. खोकल्यावर काय काढायचं याच्यावर भावंडांचं भांडण झालं, शेवटी ओमनं भुंकणारा कुत्रा काढला, त्याला पाच पाय झाले. सुवर्णानं मला तीन तीन वेळा विचारलं, ताप आला तर कुठली? मी सूर्य उचलला. किती? मी झाकणातली रेघ दाखवली. चुकले नाय. मंग कांडी झटकायची कशी, बघायची कशी ते शिकवलं. पारा लाल रेघेपुढं गेला की लगेच मला फोन, म्हणाली. "आणि आई, तेव्हा 'काय नाय' म्हणायचं नाही."

"नाय म्हणणार."

"फोन बरोबर ठेवायचा. सवेला गेलात तरी."

"ठेवीन."

फाट्यावर आमी तिला बसमध्ये बसवलं. ओमनं हात हलवला नि लगेच विचारलं, आज कुठे जायचं? तो काय रडला नाय. मी जरा तोंड फिरवलं, धूळ उडाली व्हती.

बाकीच्या दिवसांचं काय सांगू? नदीवर गेलो, मळे मासे धरायला फडकं लावलं, बोटाएवढे तीन मिळाले, ते ओमनं परत सोडले. एक दिवस यशोदाबायला घेऊन पोलादपूरला आइसक्रीम खायला गेलो. तिनं तीन खाल्ली नि घरी सांगितलं, दात दाखवायला गेले व्हते. आठव्या दिवशी दिनेश आला. भुवईवरची खूण खाजवत म्हणाला, "आये, तू सुवर्णाला काय काय सांगितलंस?" मी म्हटलं, "तिनं विचारलं नाय, मी सांगितलं." तो हसला नि पोरांच्या बॅगा उचलल्या.

पोरं गेल्यावर घर आवरलं तर फळीवर औषधं तशीच. एक पण फोडलेली नव्हती. मी सुवर्णाला फोन लावला. "सगळ्या बाटल्या राहिल्या गो. वाडीतलं कुणी मुंबईला निघालं की त्याच्याकडं धाडते."

"नको," ती म्हणाली. मागं दुकानातला आवाज येत व्हता, कुणीतरी तिला हाक मारत व्हतं. "तिथेच राहू देत. मी तारखा बघितल्यात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतील."

मी बाटल्या पुसल्या आणि फळीवर रांगेनं लावल्या, चित्रं बाहेरच्या अंगाला.